तीन हिसके

भिंगरीच्या बापाचं निम्मं आयुष्य उलट्या पावलांनी चालण्यात गेलं होतं. दोर वळणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो. कमरेभोवती घायपाताच्या वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले चार तंतू ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचे, आणि चाक फिरू लागलं की बोटांतून वाख सोडत मागे मागे सरकत राहायचं. त्यासाठी घरामागे दोनशे पावलांची सरळ वाट होती. दोन्ही बाजूंना झाडं, या टोकाला चाक, त्या टोकाला नदीचा उतार. घरात तिला दोराची वाट म्हणत.

दोनशे पावलांवरून हाक मारून काही उपयोग नसतो. चाकाची घरघर असते, वारा असतो, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष हातातल्या कामावर असतं. म्हणून या घरात कामाचं बोलणं दोरातूनच चाले. एक हिसका म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे इकडे ये. लग्न होऊन आली तेव्हा भिंगरीच्या आईला याचं हसू आलं होतं. "नवराबायकोला बोलायला दोर लागतो का हो या घरात?" असं तिने विचारलं, तर सासरे म्हणाले, "बरं असतं सूनबाई. हिसक्यातून शिवी देता येत नाही."

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. चाळीस वर्षं चाक त्यांनीच फिरवलं. आणि भिंगरी चालायला लागल्यापासून तिची जागाही ठरलेली होती: चाकाच्या मागे, आबांच्या पायाशी, गोणपाटावर. पोर सात वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. नावाने हाक मारा, वळून बघत नसे. कुणी कडेवर घ्यायला गेलं तर अंग ताठ करी. पण फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूसमोर तासन्‌तास बसे, आणि आनंद झाला की अंगणात हात पसरून स्वतःच गरगर फिरे. म्हणून ती भिंगरी. चाक फिरत असलं की पोरगी शांत, पोरगी शांत असली की घर शांत. असं ते सात वर्षं निभावत आलं होतं.

यंदा सगळंच एकदम बिघडलं. नदीला पाणी चढायच्या आत नाववाल्यांना बारा जाड दोरखंड द्यायचे होते. त्यांची नाव दोराला धरून या काठावरून त्या काठावर जाते. जुने दोर झिजले होते, आणि झिजलेल्या दोरावर भरल्या नदीत माणसं कोण घालणार? पाच दोरखंड झाले आणि एका सकाळी आबांच्या अंगावरून वारं गेलं. जिवावरचं हातावर निभावलं, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. तोंडातून शब्दाचा अर्धाच तुकडा बाहेर येई, उरलेला आतच राही. समोरचा माणूस थोडा वेळ थांबे, मग मान हलवून आपल्या कामाला लागे. मुलगाही तसंच करी. सूनही.

चाकावर आता भिंगरीची आई उभी राहिली. दोघांची कामं एकटीवर आली. चाकही फिरवायचं, पोरीवर लक्षही ठेवायचं. आबांचा हात फिरे एका लयीत. हिचा अडखळे. बदललेली लय भिंगरीला सोसेना. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा उठून वाटेच्या त्या टोकाला पळाली. दुसऱ्या वेळी सापडली तेव्हा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होती.

त्या दुपारी भिंगरीच्या आईने पोरीसाठी दावं वळलं. या घरात दुसरं सुचणार तरी काय? पण मऊ वळलं. तीनदा विंचरलेला वाख घेतला, कमरेला काचू नये म्हणून जुन्या सदऱ्याची पट्टी गुंडाळली. एक टोक पोरीच्या कमरेला, दुसरं चाकाशेजारच्या खुंटाला. गाठ मारताना तिने पोरीकडे पाहिलं नाही. आबा ओट्यावरून काहीतरी म्हणत होते. तेही तिने ऐकलं नाही.

दर मंगळवारी आरोग्य केंद्रातून एक बाई येत. वयाने तरुण, पायांत बूट, खांद्यावर पिशवी, आणि पिशवीत चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा. आळीत त्यांचं नाव कार्डवाली ताई पडलं होतं. अशा मुलांना शिकवायचं त्या शिकून आल्या होत्या. यायच्या, भिंगरीला छोट्या खुर्चीवर बसवायच्या, समोर बसून म्हणायच्या, "इकडे बघ. माझ्याकडे बघ." बघितलं की साखरेचा खडा. मग एकेक कार्ड. कार्डावर न्हाणीघरातला मोठा टब, गादीची खुर्ची, टेबलाभोवती जेवायला बसलेले आईबाप. भिंगरीच्या घरात यातलं काहीच नव्हतं. भिंगरी कार्ड हातात घेई, कडेवर उभं करी आणि टिचकी मारून फिरवी.

जाताना ताई विचारायच्या, "रोज दोन तास घेऊन बसता ना हिला?"

"बसते की," भिंगरीची आई म्हणे. खोटं बोलताना तिचे कान तापत. दोन तास कुठून आणायचे, ते कार्डावर नव्हतं.

पहिल्या भेटीत ताईंनी एक लांबलचक कागद भरून घेतला होता. त्यातला एकच प्रश्न भिंगरीच्या आईच्या मनात रुतून बसला. "मूल तुम्हाला काही दाखवतं का?"

"दाखवतं म्हणजे?"

"म्हणजे समजा, पक्षी दिसला. तर 'आई, बघ' असं. बोलूनच असं नाही, बोटाने, ओढून नेऊन, कसंही. काही हवंय म्हणून नाही हं. नुसतं तुम्हीही बघावं म्हणून."

भिंगरीच्या आईने बराच वेळ आठवून पाहिलं. पाणी हवं असलं की पोरगी तिचं मनगट धरून माठाकडे नेई, पळी वापरावी तसा तिचा हात वापरी. पण नुसतं बघ म्हणून? "नाही," ती म्हणाली. ताईंनी चौकोनात फुली मारली. तेव्हापासून लोकांची पोरं "आई, बघ ना, आई, बघ ना" करून आयांना भंडावताना दिसली की तिला त्या आयांचा राग येई. त्या "थांब गं जरा" म्हणत म्हणून.

दाव्याला नऊ दिवस झाले, तेव्हा ताई आल्या त्या मंगळवार सोडून शनिवारी. मंगळवारी त्यांची कसलीशी सभा होती. कुणाला कल्पना नव्हती, नाहीतर दावं सोडून ठेवलं असतं.

त्या मागच्या दाराने थेट चाकापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. "हे काय?"

चाक थांबलं. भिंगरीच्या आईने कपाळाचा घाम बाहीने पुसला. सगळं समोर दिसतच होतं.

"मुलीला बांधलंय तुम्ही. जनावरासारखं."

"जनावराला असा मऊ दोर कोण वळतं?" तिच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर तिलाच ते ऐकवेना.

"हे मला वर कळवावं लागेल, वहिनी. घरी मूल सुरक्षित नसेल तर शहरातल्या निवासी शाळेत ठेवायची शिफारस करतात. माझ्या हातात नाही ते."

वाटेवरून नवरा आला. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि बाजूच्या फणीपाशी जाऊन बसला. खिळ्यांच्या फळीवर वाख आपटून ओढायचा असतो, तेव्हा तो विंचरला जातो. राग आला की हा माणूस वाख विंचरी.

"कळवा," भिंगरीची आई म्हणाली. आवाज चढला होता. "अवश्य कळवा. पण आधी एवढं सांगा, ती नदीत शिरली तेव्हा तुमची कार्डं तिला बाहेर काढणार होती का? साखरेचा खडा दाखवायचा होता का मी तिला काठावरून? चाक सोडलं तर दोर तुटतो, पोर सोडली तर पोर जाते. मला दोनच हात आहेत. त्या तुमच्या टेबलाभोवतीच्या बाईला किती आहेत, बघा कार्डात."

ताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पिशवीतून कागद काढला, ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि लिहू लागल्या. भिंगरीच्या बापाने फणीवर वाख ओढला. खर्र. पुन्हा ओढला. खर्र.

भिंगरीने दोन्ही हातांनी दावं धरलं आणि ओढलं. खुंट हलला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

"थां... थां..." ओट्यावरून आबा ओरडले. डावा हात वर करून, अर्धे उठून. "थां!"

काय झालं म्हणून भिंगरीच्या बापाने वाख खाली ठेवला. फणीचा आवाज बंद झाला. भिंगरीने दावं सोडलं आणि ती गोणपाटावर निवांत बसली.

"आजोबा काय म्हणताहेत?" ताईंनी विचारलं.

"थांब म्हणताहेत. आमच्या कामातलं आहे ते. दोन हिसके म्हणजे..." भिंगरीची आई पोरीच्या हातांकडे बघू लागली.

"म्हणजे काय?"

नवरा तिच्याकडे बघत होता. मग त्याने हळूच वाख उचलला आणि फणीवर ओढला. खर्र. भिंगरीचे हात दाव्याकडे गेले. दोन हिसके. तो थांबला. तिने दावं सोडलं.

"कुणी शिकवलं हिला?" ताई उभ्या राहिल्या होत्या. मांडीवरचा कागद खाली पडलेला त्यांना कळला नाही.

कुणी शिकवलं नव्हतं. चालायला लागल्यापासून ती आबांच्या पायाशी बसली होती. दोर हिसकला की चाक थांबतं, हे तिने रोज पाहिलं होतं. आबा डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थापट्या मारत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी... सां... सांग..." एवढंच त्यांना म्हणता येत होतं. ते पहिल्या दिवसापासून सांगत होते.

भिंगरीची आई खुंटापाशी खाली बसली. पोरगी दावं हिसकते म्हणजे सुटायला बघते, असं तिला वाटत आलं होतं. म्हणून दर वेळी ती गाठ आणखी आवळत होती. नऊ दिवस पोर तिला थांब म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी म्हणत होती, घरच्या भाषेत म्हणत होती, आणि आई उत्तर म्हणून गाठ आवळत होती. तिला इतकं रडू आलं की गाठ सोडायला बोटं चालेनात. शेवटी नवऱ्याने येऊन सोडली.

ताईंनी कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "हा माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "मला आधी ते हिसके शिकवा. सगळे."

त्या दिवशी कार्डवाली ताई संध्याकाळपर्यंत बूट काढून चाकापाशी बसल्या. आबांनी शिकवलं. एक, दोन, तीन. ताईंनी तीनऐवजी चार दिले की आबा डाव्या हाताने कपाळ बडवून घेत, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच घरात हसू ऐकू आलं.

जाताना ताई म्हणाल्या, "दावं नको. पण सुतळी राहू दे. एक टोक तुमच्या मनगटाला, दुसरं तिच्या हातात. कमरेला नाही, हातात. सोडावंसं वाटलं तर तिला सोडता आलं पाहिजे. आणि एक गोष्ट. तिने दोन हिसके दिले की आपण थांबायचं. कायम. काम असलं तरी."

"काम असलं तरी?" भिंगरीचा बाप म्हणाला. "पाच दोरखंड राहिलेत ताई. नदी आमच्यासाठी थांबणार आहे होय?"

"मुलगी पहिल्यांदा बोलतेय. तिचं ऐकलं नाही तर ती पुन्हा कशाला बोलेल?"

त्याने मान खाजवली. पटलं असं म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने सकाळच्या सकाळी नऊ वेळा चाक थांबवलं. दोन हिसके, चाक बंद. ती बघे. चाक सुरू. पुन्हा दोन हिसके. वाटेच्या टोकाला कमरेला वाख गुंडाळून उभा असलेला बाप ओरडला, "आता हिलाच मालकीण करा! मी जातो झोपायला!" पण थांबला. दहाव्या वेळी तिने हिसका दिलाच नाही. आपलं ऐकतात याची खात्री पटली असावी. मग दुपारपर्यंत काम अखंड चाललं, दाव्याच्या दिवसांपेक्षाही जास्त दोर वळून झाला. फणी मात्र बापाने उचलून गोठ्यापलीकडे नेली. रोज चाळीस पावलं जास्त चालावं लागे. कुरकुरत चाले.

ताई मंगळवारी आल्या ते कार्डं न घेता. खुर्ची माळ्यावर गेली. भिंतीवर एक दोर आडवा बांधला आणि त्यावर ओळीने खऱ्या वस्तू लटकल्या: कंगवा, पेला, चाकाच्या मुठीवरची चिंधी, पुन्हा पेला, चादरीचा तुकडा. दिवस कसा जाणार ते भिंगरी हात लावून बघे. आबा तो दोर सांभाळत. एक गोष्ट झाली की ती वस्तू भिंगरी काढून त्यांच्या डाव्या हातात देई. ते "श... शाब" म्हणत. दोघांचं बरं जमे. दोघांनाही शब्दांची घाई नव्हती.

"माझ्याकडे बघ" हेही ताईंनी सोडून दिलं होतं. "ती हाताने ऐकते," त्या म्हणाल्या. "मीच उगाच डोळ्यांच्या मागे लागले होते."

एक गोष्ट तेवढी जमेना. तीन हिसके. इकडे ये. भिंगरीची आई रोज मनगटाच्या सुतळीला तीन हिसके देई आणि वाट बघे. कधी दहा पावलांवरून, कधी वीस. भिंगरी सुतळीकडे बघे, बोटांत फिरवी, पण येत नसे. नदी वाटेच्या टोकाला होती, आणि बोलावल्यावर पोरगी येत नाही तोवर ती सुतळी मनगटावरून सोडणार नव्हती. ताईंच्या पिशवीतला कागद अजून फाडलेला नव्हता, तेही तिला माहीत होतं.

"घाई नको," ताई म्हणत. "आपण बोलावलं तर ती येईल, न येईल. तुम्ही बोलावत राहा."

अकरा दोरखंड झाले. बाराव्याचा शेवटचा पेड लागला त्या दिवशी हवा जड झाली होती. वाख ओलसर लागत होता, आज संपला नाही तर पीळ धरणार नव्हता. भिंगरीचा बाप झपझप मागे सरकत होता. भिंगरीची आई चाक फिरवत होती, आणि मनगटाच्या सुतळीची लांबलचक गुंडी पायाशी उलगडत चालली होती. तिचं अर्धं लक्ष होतं. भिंगरी झाडांच्या कडेने चालली होती. बापाला ओलांडून गेली. सुतळी उलगडतच होती. मग झाडांआड ती दिसेनाशी झाली.

भिंगरीच्या आईने एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने तीन हिसके दिले.

काहीच नाही.

पुन्हा तीन. सुतळी सैल लागली. पलीकडे कुणी धरलेलंच नाही अशी. मूठ हातातून सुटायला लागली. चाक सोडलं तर पेड जाणार, बारावा दोरखंड जाणार, आणि नाववाले उद्या येणार होते. एवढा सगळा विचार एका क्षणात झाला.

आणि सुतळी ताठ झाली. मनगटाला ओढ लागली. एक. दोन. तिला वाटलं, थांब म्हणतेय.

तीन.

ती तशीच उभी राहिली. आपला भास असेल असं वाटलं. सुतळी पुन्हा ताठ झाली. एक, दोन, तीन. सावकाश, नीट, आबा देत तसे.

तिने चाक सोडलं. वाटेच्या मध्यावर नवऱ्याच्या हातातला पेड गरकन उलटा फिरला आणि पीळ सुटून त्याच्या पायांत गोळा झाला. "अगं ए!" तो ओरडला. ती त्याच्या शेजारून धावत गेली. "बोलावलंय मला," ती धापा टाकत म्हणाली. "तिने बोलावलंय!"

भिंगरी पाण्यात नव्हती. उताराच्या वर, कोरड्या दगडावर बसली होती, सुतळीचं टोक मुठीत घट्ट धरून. खाली नाववाल्यांनी नव्या दोरखंडासाठी खांबावर लाकडी कप्पी बसवली होती. बापाने वळून आधीच दिलेला पहिला दोर ते तिच्यातून ओढून बघत होते, आणि कप्पी फिरत होती. गरगर, चाकासारखी.

भिंगरीची आई तिच्या शेजारी बसली. भिंगरीने तिचं मनगट धरलं नाही, कुठे ओढलं नाही. तिला काही नको होतं. तिने एकदा कप्पीकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे, अगदी पाखरू उडावं तेवढाच वेळ, आणि पुन्हा कप्पीकडे.

"बघितलं," आई म्हणाली. "बघितलं गं, माझ्या राणी. केवढी छान फिरतेय."

मागून धपधप पावलं वाजली. कमरेला वाख लटकत असलेला बाप घाबरून आणि चिडून धावत येत होता. भिंगरीने वळून न बघता सुतळीला एक हिसका दिला.

आईने हात वर केला. "हळू या. हळू म्हणतेय ती."

तो जागच्या जागी थांबला. पायांतल्या वहाणा काढून त्याने हातात घेतल्या आणि उरलेली पंधरा पावलं अलगद टाकत आला. जन्मभर उलटा चाललेला माणूस इतका सावध सरळ कधी चालला नसेल. तो भिंगरीच्या दुसऱ्या बाजूला बसला, आणि तिघं कप्पी फिरताना बघत राहिली.

बाराव्या दोरखंडाचा तो पेड वाया गेला. नाववाल्यांना दोन दिवस थांबा म्हणून सांगावं लागलं, आणि त्यांनी बरीच बोलणी ऐकवली. मंगळवारी ताई आल्या तेव्हा भिंगरीच्या आईने त्यांना बसूही दिलं नाही. "तो पहिला कागद काढा," ती म्हणाली. "त्यातली एक फुली खोडायची आहे."